गायक-वादक मंचावर असेच कपडे का घालतात? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

गेली एकवीस वर्षं मी मुंबईत गाण्याच्या कार्यक्रमांची ड्रेपरी सांभाळते. नाट्यसंगीत, भावगीतं, दिवाळी पहाट, शाहिरी, मधूनच एखादा फ्यूजन बँड. कपडे, फेटे, दागिने, पिना, सगळ्याला मिळून आमच्याकडे ‘ड्रेपरी’ म्हणतात. जुन्या संगीत नाटक मंडळ्यांत याच खात्याला ‘कपडेपट’ म्हणत. दादरच्या शिवाजी मंदिरात असो की ठाण्याच्या गडकरी रंगायतनमध्ये, मध्यंतरात बटाटेवड्याच्या रांगेत कोणी ना कोणी गाठतं आणि विचारतं, “ताई, यांनी आज हेच का घातलं?” त्या प्रश्नांची उत्तरं इथे एका जागी लिहिली आहेत.

कपडे ठरवताना सगळ्यात आधी काय बघता? रंग?

हात बघते. पेटीवाल्याचा डावा हात भात्यावर असतो, सतारियाचा उजवा हात भोपळ्यावर टेकलेला असतो, तबलजीची दोन्ही मनगटं सतत हलत असतात. त्या हातांच्या वाटेत कापड येता कामा नये. म्हणून तबलजी बाही मनगटाच्या वर दुमडतो, नाहीतर पाऊण बाहीचा झब्बा शिवून घेतो. घड्याळ आणि अंगठी काढून ठेवतो, कारण अंगठीचा खडा चाटेला, म्हणजे तबल्याच्या काठाला, लागला की कातडं कापलं जातं आणि पुडी, म्हणजे तोंडावरचं सगळं मढवलेलं कातडं, वाया जाते. सतारियाच्या बाहीवर जरीचं जाड भरतकाम नको. ते भोपळ्याच्या पॉलिशवर घासतं. आपल्या पद्धतीने मांडी घालून व्हायोलिन वाजवणाऱ्याच्या छातीशी पितळी गुंडी नको, कारण वाद्याची पाठ तिथेच टेकते. सरोदवाल्याचा लेंगा फार गुळगुळीत रेशमाचा असला तर वाद्य मांडीवरून घसरत राहतं, म्हणून कित्येक जण मांडीवर कापडाचा खरखरीत तुकडा ठेवतात. प्रेक्षकांना तो रुमाल वाटतो.

ड्रमवाल्याचा विचार पायापासून सुरू होतो. पातळ तळव्याचे बूट त्याला लागतात, कारण पेडल तळव्याला जाणवलं पाहिजे. वर बिनबाह्यांचा शर्ट असतो, कारण दोन तास खांद्यापासून हात फिरवायचे असतात. यात ऐट थोडी आणि गरज जास्त.

शरीराची हालचाल आधी आणि नटणं मागून, ही गोष्ट जगभर सारखीच आहे. अमेरिकन गायक एल्व्हिस प्रेस्लीचे सत्तरच्या दशकातले ते गळ्यापासून पायापर्यंत एकसंध, चमचमते पोशाख आठवा. बिल बेल्यू यांनी ते बेतले होते. एल्व्हिस मंचावर कराटेच्या हालचाली करायचा; पाय उंच उचलला तरी शर्ट पँटमधून बाहेर येणार नाही अशी त्या पोशाखाची रचना होती. आता लावणीची नऊवारी बघा. नऊ वार म्हणजे साधारण सव्वाआठ मीटर कापड, तरी कासोटा मारल्यावर पाय पूर्ण मोकळा होतो, बैठक मारता येते, गिरकी घेता येते. पाचवारीत हे जमणार नाही. दोन्हीकडे शिवणाऱ्याने आणि नेसवणाऱ्याने एकच प्रश्न सोडवला आहे.

बैठकीच्या गायकाने झब्बा-लेंगाच का घालायचा? सूट घालून ख्याल गाता येत नाही का?

गाता येतो की. पण सूट घालून अडीच तास मांडी घालून बसून बघा. गुडघ्यामागे पँटची घडी रुतते, पायाला मुंग्या येतात, पट्टा पोटात घुसतो. गाणाऱ्याचा श्वास पोटातून येतो. लांब तान घेताना पोट आणि बरगड्या फुगायला जागा लागते. ढिला लेंगा, कळीदार झब्बा आणि काखेत नीट घातलेली बगल (सैलपणासाठी जोडलेला कापडाचा तुकडा) यांचा सगळा उद्देश ही जागा देणं हाच आहे. चुडीदार उभं राहून गाणाऱ्याला शोभतो. बसणाऱ्याला मी तो देत नाही.

गळ्याचंही तेच. बंद गळ्याची अचकन फोटोत रुबाबदार दिसते, पण तारसप्तकात, म्हणजे वरच्या सुरांत, गेल्यावर गळ्याची पट्टी टोचायला लागते. अशा वेळी मी शिंप्याला सांगून पट्टी बोटभर सैल करून घेते आणि वरची गुंडी नुसती शोभेची ठेवते. आतून हूक, तो उघडाच. गायिकांच्या बाबतीत परकराची नाडी आणि ब्लाउजची छाती या दोन जागा. दोन्हीकडे शिलाईत भरपूर माया, म्हणजे आत दुमडलेलं जादा कापड, ठेवायला सांगते. शिंपी कुरकुरतो, पण कार्यक्रमाच्या दिवशी अर्धा इंच उसवून देता येतं.

उकडत असताना मांडीवर शाल कशाला?

नाट्यगृहातला एसी थेट मंचावर येतो आणि गायकाच्या पाठीला, गुडघ्यांना लागतो. शिवाय मांडी घालून बसलेल्या माणसाचे पाय पहिल्या रांगेच्या डोळ्यांच्या पातळीवर येतात. शाल असली की बैठक नेटकी दिसते. तिसरं कारण मानाचं. आपल्याकडे सन्मान शाल-श्रीफळाने होतो. कित्येक कलाकारांच्या मांडीवरची शाल गुरूंची असते किंवा कुठल्या तरी मोठ्या सत्कारात मिळालेली असते. ती धुवायला द्या म्हटलं तर देत नाहीत. मीही आता विचारत नाही.

माइकचा कपड्यांशी काय संबंध?

फार जवळचा आहे. साउंडवाल्या दादांशी माझं सगळ्यात जास्त बोलणं होतं ते यावरूनच.

कॉलर माइक कपड्याला लावतात. खळ घालून कडक इस्त्री केलेला सुती झब्बा प्रत्येक श्वासाला खरखरतो, आणि ती खरखर माइक इमानेइतबारे शेवटच्या रांगेपर्यंत पोचवतो. जरीचा पदर याहून वाईट. काचेच्या बांगड्या तर नकोच. तंबोऱ्यावर बसलेल्या मुलीच्या हातातल्या दोन बांगड्यांची किणकिण विलंबित ख्यालात किती त्रास देते ते एकदा ऐकलं की विसरता येत नाही. मी तंबोऱ्यावरच्या मुलींना एकच जाड, गुळगुळीत बांगडी घालायला सांगते आणि ती कोपराकडे सरकवून ठेवायला लावते.

नाट्यसंगीताच्या प्रवेशात हेडसेट माइक असतो. त्याचा ट्रान्समीटर, म्हणजे ती पत्त्यांच्या जोडाएवढी डबी, कुठेतरी लपवावी लागते. झब्ब्याला आतून खिसा शिवता येतो. पाचवारीत ती कमरेला मागे बसते. नऊवारीत कासोट्याजवळ ठेवली तर बसताना टोचते, म्हणून कापडी पट्ट्याने पाठीवर, ब्लाउजच्या खाली बांधतो. घामाने डबी बिघडते. तिला पातळ प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळायचं. कानात मॉनिटर (स्वतःचा आवाज ऐकायचं यंत्र) असेल तर दुसरी डबी. दोन डब्या, दोन वायरी आणि वर शालू, असं करून कलाकाराला हसऱ्या चेहऱ्याने पदं म्हणायची असतात.

दिव्यांमुळे रंग बदलतो, हे खरं का?

खरं आहे. मला ते पहिल्याच वर्षी कळलं, आणि फार वाईट पद्धतीने. उपनगरातल्या एका नाट्यगृहात भावगीतांचा कार्यक्रम होता. गायिकेने आईची गर्द हिरवी पैठणी नेसायचं ठरवलं होतं, मीच नेसवली. विंगेत ती अशी काही झळकत होती की मी दोन पावलं मागे जाऊन बघत राहिले. विरहाचं गाणं सुरू झालं आणि मंचावर फक्त लाल दिवे उरले. पैठणी काळी झाली. मागे काळा पडदा, त्यात काळी साडी विरघळली, आणि अंधारात नुसता एक चेहरा आणि दोन हात दिसत राहिले. तिला मंचावरून काही कळत नव्हतं. घरी जाऊन तिने रेकॉर्डिंग पाहिलं तेव्हा कळलं. ती रडली नाही, पण ती पैठणी तिने पुन्हा मंचावर नेसली नाही.

कारण अगदी साधं आहे. हिरवं कापड हिरवा प्रकाश तेवढा परत पाठवतं. लाल दिव्यात हिरवं काही नसतंच, मग ते परत काय पाठवणार? निळ्या दिव्यात पिवळ्याचं आणि केशरीचं असंच होतं. तेव्हापासून साड्यांचे फोटो मी लाइटवाल्यांना आधी पाठवते आणि कुठल्या गाण्याला काय रंग देणार ते विचारून घेते. ते बदलायला तयार नसले तर मी साडी बदलते.

पूर्वी मंचावर हजार वॅटचे ‘पार’ नावाचे दिवे असत. त्यांच्या उजेडात त्वचा आणि जर दोन्ही उबदार दिसायची, पण खाली बसलेला माणूस अक्षरशः भाजून निघायचा. एलईडीने उष्णता पुष्कळ कमी केली, रंग मात्र फार भडक आणले. त्यात राणी, मोरपंखी, मोहरी, वांगी हे रंग टिकून राहतात. पांढरा शुभ्र झब्बा कॅमेऱ्यात जळतो, म्हणजे चुण्या, गुंड्या काही न दिसता नुसता पांढरा ठिपका दिसतो. त्याऐवजी हस्तिदंती किंवा मोतिया घ्यायचा. बारीक चौकड्या आणि बारीक रेघा टाळायच्या. कापडाची जाळी आणि कॅमेऱ्याच्या ठिपक्यांची जाळी एकमेकींत अडकते आणि स्क्रीनवर तो शर्ट थरथरताना दिसतो. आज समोरच्या प्रत्येक हातात फोन आहे, त्यामुळे हा नियम आता छोट्या कार्यक्रमालाही लागू झाला आहे.

साथीदारांना सगळ्यांना एकसारखे झब्बे का देतात?

डोळा स्थिर राहावा म्हणून. मंचावर आठ माणसं आठ रंगांत बसली की प्रेक्षकाची नजर भिरभिरते. नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कलासंकुलात सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया ऐकायला जा. हा वाद्यवृंद २००६ साली तिथेच सुरू झाला. सगळे वादक काळ्यात असतात. शंभराच्या आसपास माणसांनी मिळून एक आवाज काढायचा असेल तर कोणी एकाने चमकून चालत नाही. काळ्याच्या पार्श्वभूमीवर लाकडी वाद्यं आणि हलणारे गज तेवढे उठून दिसतात. एकल वादक आली की तिचा रंगीत गाऊन लगेच वेगळा कळतो.

आपल्याकडे साथीदारांना काळं देता येत नाही, कारण मागचा पडदा काळा असतो आणि शुभकार्याच्या वेळी लोकांना ते खटकतंही. (जानेवारीतला संक्रांतीचा कार्यक्रम हा अपवाद. तेव्हा काळी चंद्रकळा नेसलेली गायिका बघायला लोक मुद्दाम येतात.) म्हणून साथीला मोतिया, फिका बदामी, कधी विटकरी.

माझं एक मत इथे स्पष्ट लिहिते. साथीदारांना स्वस्तातलं सॅटिन देऊन मुख्य गायकाला रेशीम देणारे आयोजक मला आवडत नाहीत. सॅटिनमध्ये घाम जिरत नाही. ढोलकीवाला त्यात पहिल्या अर्ध्या तासात निथळतो. एकसारखे म्हणजे एकसारख्या दर्जाचेही असले पाहिजेत.

मराठी माणसाला मंचावरच्या कपड्यांचं हे वेड बालगंधर्वांमुळे लागलं का?

पुष्कळ अंशी, हो. बालगंधर्व (१८८८ ते १९६७) स्त्रीभूमिकेत उभे राहत तेव्हा अंगावर खरे शालू, खऱ्या पैठण्या आणि उंची अत्तर असे. त्यांची नेसण, अंबाडा, गजरा बघून घरोघरच्या बायका तसं नेसू-माळू लागल्या. १९१३ साली त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली आणि कपडेपटावर हात कधी आखडला नाही. मंडळीवर कर्ज चढलं त्याला हा षौकही कारण होता. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईच्या बालीवाला थिएटरात टिळक स्वराज्य फंडासाठी केशवराव भोसल्यांच्या ललितकलादर्श या नाटक मंडळीबरोबर त्यांनी ‘संयुक्त मानापमान’ हे नाटक केलं, तेव्हा एका मंचावर हे दोन गाणारे नट ऐकायला आणि बघायला मुंबई लोटली होती. ‘ऐकायला आणि बघायला’ हे दोन शब्द आपल्याकडे तेव्हापासून जोडीने येतात.

मला स्वतःला मात्र त्याच काळातल्या हिराबाई बडोदेकर जास्त शिकवून जातात. तिकीट लावून जाहीर मैफल करणाऱ्या पहिल्या गायिका म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. त्या काळी बाईने चारचौघांत गाणं याकडे समाज कुठल्या नजरेने बघत होता ते सांगायला नको. हिराबाई घरंदाज बाईसारखी साडी नेसून, पदर नीट घेऊन, हातवारे न करता शांत बसून गायल्या. ती साडी म्हणजे एक भूमिका होती. पुढच्या पिढ्यांतल्या मुलींना घरून गाणं शिकायची परवानगी मिळाली त्यात त्या पदराचाही वाटा आहे, असं मी मानते.

गायिकेच्या साडीवर बोललं जातं, गायकाच्या झब्ब्यावर कोणी बोलत नाही. असं का?

साडीवर बोलतात हे मी ऐकलं आहे, आणि दर वेळी मला त्रास होतो. “गाणं छान झालं, पण साडी काही बरोबर नव्हती” हे वाक्य गायिकेच्या तोंडावर म्हणणारे लोक आहेत. सहा महिने रियाज करून बसवलेल्या रागाबद्दल त्यांच्याकडे दोन शब्द नसतात.

हिराबाईंच्या काळी साडीने गायिकेला संरक्षण दिलं. आज तीच अपेक्षा काही मुलींना अडकवते. मी तीन-चार तरुण गायिकांसाठी सुती कुर्ता आणि धोती-सलवार असा पोशाख शिवून घेतला, कारण त्यांना मांडी घालून मोकळं बसायचं होतं. आयोजकांनी कपाळाला आठ्या घातल्या. गाणं सुरू झाल्यावर सभागृहात कोणाला काही वाटलं नाही.

दुसऱ्या बाजूने, साडी हीच आपली ओळख म्हणून उचलून धरणाऱ्याही आहेत. उषा उथुप मूळच्या मुंबईच्या, जन्म १९४७ चा. १९६९ मध्ये चेन्नईच्या नाइटक्लबमध्ये त्या साडी नेसूनच गायल्या आणि पुढे ती कांजीवरम, ती मोठी टिकली कधी सुटली नाही. आता त्या साडीखाली कांजीवरमच्याच कापडाचे कॅनव्हास बूट घालतात. तासन्‌तास उभं राहून गाणाऱ्या बाईने पायांचा केलेला तो विचार आहे. कर्नाटक संगीताच्या गायिका एम. एस. सुब्बुलक्ष्मी यांच्या आवडत्या निळ्या कांजीवरमला तर ‘एमएस ब्लू’ असं नावच पडलं. माटुंग्याच्या साडीच्या दुकानात आजही तेवढं म्हटलं की पुरतं. लता मंगेशकरांची पांढरी, काठाची साडी आपण सगळ्यांनी पाहिली आहे. या तिघींनी आपलं आपण ठरवलं, आणि माझ्या लेखी महत्त्व त्या ठरवण्याला आहे.

शाहीर, कीर्तनकार, भीमगीतं गाणारे यांचे कपडे ठरलेलेच असतात ना?

ठरलेले असतात, कारण तिथे माणूस स्वतःपुरता उभा नसतो. वारकरी कीर्तनकार पांढरं धोतर, सदरा, उपरणं, फेटा आणि गळ्यात तुळशीची माळ घालून उभा राहतो. ते कपडे घातल्यावर तो परंपरेच्या वतीने बोलतो. शाहिराचा फेटा आणि शेला ऐकणाऱ्याला पहिल्या डफाच्या थापेआधीच सांगून टाकतात की आता वीररस येणार. फेटा ऐन वेळी मंचामागे बांधावा लागतो. आधी बांधून लोकलने आलं की कडा ढिल्या पडतात. सराईत हात असला तर दोन मिनिटांचं काम.

भीमगीतांच्या कार्यक्रमात पांढरे कपडे आणि निळं उपरणं किंवा निळा फेटा असतो. १४ एप्रिलला मुंबईच्या गल्लीबोळांत हे मंच उभे राहतात. एका तरुण गायकाला मी चमकीचं जाकीट सुचवलं होतं. तो म्हणाला, “ताई, समोर माझी आजी पांढऱ्या लुगड्यात बसणार आहे. मी तिच्यासारखा दिसलो पाहिजे.” मी जाकीट परत पिशवीत ठेवलं.

गणपतीतल्या बेंजो पार्टीचे टी-शर्ट आणि टोप्या, लग्नातल्या ब्रास बँडचे झालरी-फितींचे कोट हे त्याच कुळातले. बँडवाल्यांचे ते कोट ब्रिटिश पलटणींच्या बँडवरून आले. पलटणी गेल्या, खांद्यावरच्या झालरी राहिल्या. मे महिन्यात भर दुपारी वरातीपुढे तो जाड कोट घालून क्लॅरिनेट फुंकणाऱ्या माणसांना सुती अस्तर तरी मिळावं, एवढं मला मनापासून वाटतं.

रॉक-मेटलवाली मुलं नुसता काळा टी-शर्ट घालतात. त्यात कसली निवड?

निवडच आहे. १९८६ साली मुंबईत ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा रॉक संगीताचा महोत्सव सुरू झाला. धोबी तलावचं रंगभवन हे अशा कार्यक्रमांचं हक्काचं ठिकाण होतं. तिथे मंचावरचा आणि मंचासमोरचा, दोघेही काळ्या टी-शर्टमध्ये असायचे. आम्ही तुमच्यातलेच, वेगळे कोणी नाही, हे सांगण्याची ती रीत. धारावी-कुर्ल्याची रॅप करणारी पोरं ज्या जर्सी आणि टोप्या घालून गल्लीत वावरतात त्याच घालून मंचावर येतात, तेही यासाठीच.

उलट टोकाला, प्रत्येक धागा विचारपूर्वक ठरवणारे आहेत. मायकल जॅक्सन १ नोव्हेंबर १९९६ रोजी अंधेरीच्या क्रीडासंकुलात नाचला. त्याची काळी पँट घोट्याच्या वर आखूड असे आणि खाली पांढरे मोजे. कारण हजारो लोकांना लांबून त्याची पावलं दिसायला हवी होती. पुढे झुकून न पडण्याच्या त्या प्रसिद्ध करामतीचे बूट वेगळेच. टाचेत खाच, मंचातून वर येणारी खुंटी त्या खाचेत अडकायची. या रचनेचं अमेरिकन पेटंट १९९३ साली त्याने आणि त्याच्या दोन पोशाखकारांनी घेतलं. पोशाखकाराचं नाव पेटंटवर असणं ही आमच्या धंद्यातल्या माणसाला किती मोठी गोष्ट वाटते, काय सांगू!

पाचगणीच्या शाळेत शिकलेला फारुख बलसारा, म्हणजे ‘क्वीन’ बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी, आधी साटिन आणि चमचमत्या चोळण्यांत गायचा. १९८५ च्या लाइव्ह एड या मदतनिधीच्या मैफलीला मात्र पांढरं बनियन, जीन्स आणि दंडावर पट्टा एवढ्यावर उभा राहिला. दिवसाचा उजेड, अफाट स्टेडियम. तिथे बारीक नक्षी दिसलीच नसती. पांढरं बनियन शेवटच्या रांगेतूनही दिसलं.

बप्पीदा (संगीतकार बप्पी लाहिरी) एवढं सोनं का घालायचे?

एल्व्हिसच्या गळ्यातली साखळी त्यांना आवडायची, आणि सोनं आपल्याला लाभतं अशी त्यांची श्रद्धा होती. दोन्ही गोष्टी त्यांनी स्वतः सांगितल्या होत्या. लाभणारी वस्तू पुष्कळांकडे असते. एखाद्याचा जुना झब्बा, एखादीची आजीची कुडी. त्याला मी हात लावत नाही.

मुंबईच्या हवेचा काय फरक पडतो?

सगळा. दमट हवेत घाम वाळत नाही. राखाडी आणि आकाशी रंगावर काखेतला, पाठीचा डाग सर्वात जास्त दिसतो; पांढरा आणि गडद निळा तो लपवतात. मैदानातल्या कार्यक्रमाला मी रेशमाखाली सुती बनियन सक्तीने घालायला लावते. ऑक्टोबरमध्ये प्रत्येक गायकासाठी दुसरा झब्बा मध्यंतराला तयार ठेवते. नुसता रंग बदलण्यासाठी तो आहे असं प्रेक्षकांना वाटतं.

पावसाळा वेगळीच परीक्षा घेतो. एका जुलैत विरारहून लोकलने आलेला तरुण तबलजी नखशिखांत भिजून पोचला. अंगावर नवाकोरा निळा, हातछपाईचा झब्बा. तसाच गादीवर बसला आणि दहा मिनिटांत पांढऱ्या चादरीवर निळे ओघळ उतरले, बायाँच्या, म्हणजे डग्ग्याच्या, गवसणीलाही डाग पडले. तेव्हापासून माझा नियम: मंचाचे कपडे अंगावर घालून प्रवास करायचा नाही, आणि नवं रंगीत सुती कापड आधी धुऊन घेतल्याशिवाय मंचावर न्यायचं नाही. लोकलच्या गर्दीत कडक इस्त्रीची घडी टिकत नाही; झब्बा गुंडाळून न्यावा, तिथे वाफेची इस्त्री फिरवावी.

तेच कपडे पुन्हा घातले तर चालतात का?

खुशाल घाला. रिल्समुळे “हे मागच्या वेळी पाहिलं” असं कोणी म्हणेल ही भीती नव्या मुलांना असते. पण अंगाला सरावलेला, हात कुठे अडत नाही हे माहीत असलेला झब्बा नव्यापेक्षा नेहमी बरा.

खर्च कोण करतं?

बहुतेक वेळा कलाकार स्वतः. साथीदारांना एकसारखे हवे असतील तर आयोजकाने द्यावेत. नाट्यप्रवेशांचे शालू, पगड्या भाड्याने आणतात. कापड घ्यायला हिंदमाता किंवा मंगलदास मार्केट, लेस-मण्यांना भुलेश्वर.

माझ्या मुलीचा पहिलाच कार्यक्रम आहे. तिला काय घालू?

वय सांगा, बसून गाणार की उभ्याने ते सांगा, आणि पेटी तीच वाजवणार का ते सांगा. बाकीचं मग ठरेल. पेटी वाजवणार असेल तर मोकळा पदर नको, तो पट्ट्यांवर येतो. घड्या घालून खांद्यावर पिन करा आणि टोक कमरेला खोचा. चौदा-पंधरा वर्षांची असेल तर साडीचा हट्ट धरू नका, परकर-पोलक्यात ती मोकळी राहील.

कार्यक्रमाच्या आधी निदान एकदा, घरी, तेच कपडे घालून, जमिनीवर बसवून सगळं गाणं म्हणून घ्या. लांब तान कुठे अडते का बघा. अडली तर कपड्याची शिवण उसवा. गाणं बदलायला सांगू नका. दिवे कोणत्या रंगाचे असतील ते विचारा. काचेच्या बांगड्या घरी ठेवा. पर्समध्ये दहा-बारा सेफ्टी पिना, सुई-दोरा, एक सुती रुमाल आणि जुन्या, सवयीच्या चपला. नव्या चपला त्या दिवशी नकोत. मंचावर काढायच्याच असतात, पण विंगेपर्यंत पोचेस्तोवर पाय सोलवटतो.

गजरा ताजा घ्या, दादरच्या फुलबाजारातून सकाळी. फक्त कानापासून लांब माळा, नाहीतर हेडसेट माइकची काडी आणि मोगरा एकमेकांना लागत राहतात.